दोन नद्यांच्या कुशीतली गोंडपिपरी

चंद्रपूरहून आष्टी-अहेरीकडे निघालेली बस बल्लारपूर आणि कोठारी मागे टाकते, तसं दोन्ही बाजूंचं सागवान-बांबूचं रान दाटत जातं. याच रस्त्यावर गोंडपिपरी हे तालुक्याचं गाव आहे. मार्कंड्याला किंवा आलापल्लीला जाणारे बहुतेक जण इथं चहापुरते थांबतात. या तालुक्याला मात्र एक-दोन दिवस तरी द्यायला हवेत.

पूर्वेला वैनगंगा, दक्षिणेला वर्धा, अशा नद्यांच्या बेचक्यात हा मुलूख वसला आहे. तालुक्याच्या टोकाला दोघी एकत्र येतात आणि पुढं प्राणहिता म्हणून गोदावरीच्या भेटीला जातात. पैलतीरावर गडचिरोली जिल्ह्यातलं चपराळा अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेलं हे जंगल सुमारे १३५ चौरस किलोमीटर पसरलं आहे. महाशिवरात्रीला चपराळ्यात मोठी जत्रा भरते.

हा सारा भाग चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचा. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला आणि १८५४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. वर्धेपलीकडं तेव्हा निजामाची हद्द होती. त्यामुळं इथल्या बाजारात आजही मराठीबरोबर तेलुगू कानी पडते, पाड्यांवर गोंडी बोलली जाते. १८५८ मध्ये वीर बाबुराव शेडमाके यांनी याच जंगलपट्ट्यात इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात त्यांना फाशी झाली.

तालुक्यातल्या धाब्याला संत कोंडय्या महाराजांचं देवस्थान आहे. तिथं महाराष्ट्राबरोबर तेलंगणातलेही भाविक येतात. वैनगंगा ओलांडून आष्टीमार्गे चामोर्शीकडं गेलं, की उत्तरवाहिनी नदीच्या काठावरची मार्कंडादेवची कोरीव मंदिरं पाहता येतात.

शेती मुख्यतः धानाची, जोडीला कापूस. पावसाळ्यात बांध्यांमध्ये रोवणी चालते. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपानं घराला रोकड देतात. जंगलावर जगणं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं असेल तर तालुक्यातल्या पाचगावला जावं. वनहक्क कायद्यानुसार या छोट्या गावाच्या ग्रामसभेला जून २०१२ मध्ये १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी आणि किती तोडायचा, कोणाला विकायचा, हे गावच ठरवू लागलं. मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्या हातांना घराजवळ काम मिळालं. तेंदूपानासाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, म्हणून ग्रामसभेनं हातातलं ते उत्पन्न स्वतःहून सोडलं. जंगलाचा एक भाग देवराई म्हणून राखून ठेवला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या कामाबद्दल आवर्जून लिहिलं आहे. आदिवासी गावाला जंगल सांभाळता येईल का, या जुन्या शंकेला पाचगावनं कामातून उत्तर दिलं.

काळजीच्या गोष्टीही आहेत. वाघांचा वावर वाढला आहे. गुराखी आणि मोहफुलं वेचणाऱ्या बाया रोज जीव मुठीत धरून रानात जातात. याच पट्ट्यातल्या २६९ चौरस किलोमीटरच्या कन्हारगाव अभयारण्याला डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाची मंजुरी मिळाली. वाघांना आसरा देताना या माणसांच्या रोजीची हमीही सरकारनं घ्यायला हवी. दुसरी काळजी रस्त्याची. गडचिरोली जिल्ह्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आष्टी-चंद्रपूर रस्त्यानं धावू लागले, तेव्हा धूळ आणि अपघात गावकऱ्यांच्या वाट्याला आले. खनिजाची संपत्ती ज्यांच्या दारावरून जाते, त्यांना निदान सुरक्षित रस्ता तरी मिळायलाच हवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ इथं येण्यास उत्तम. याच हंगामात पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. रेल्वेनं बल्लारपूरला उतरून एसटीनं गोंडपिपरी गाठता येते. पाचगावला जायचं तर आधी ग्रामसभेशी बोलावं आणि तिचे नियम पाळावेत. जंगल राखून पोट कसं भरता येतं, हे तिथली माणसं स्वतःच्या अनुभवातून सांगतात, आणि ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक वनगावानं ऐकण्याजोगं आहे.