वयात येणाऱ्या मुली आणि मैदान

चौथी-पाचवीपर्यंत मैदानावर मुलगे आणि मुली जवळपास बरोबरीने धावतात. सातवी-आठवीत चित्र बदलते. मुलगे वर्षागणिक वेगवान होतात आणि कालपर्यंत त्यांच्या पुढे असणारी एखादी मुलगी स्वतःच्याच गतवर्षीच्या वेळेपेक्षा मागे पडते. ‘हिचे लक्ष उडाले’ असा निष्कर्ष घरी, आणि कधी कधी शाळेतही, काढला जातो. या गैरसमजापायी कित्येक मुलींचे खेळणे तेराव्या-चौदाव्या वर्षीच थांबते. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने या बदलामागचे शरीरशास्त्र आम्ही येथे मांडत आहोत.

वयात येण्याची सुरुवात मेंदूतून होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची संप्रेरके बीजांडकोशांना चालना देतात आणि तेथून इस्ट्रोजेन स्रवू लागते. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. पाळी त्यानंतर सुमारे वर्षभराने येते. इस्ट्रोजेनमुळे हाडे बळकट होतात, कटिभाग रुंदावतो, शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते. मुलग्यांत टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढून स्नायू आणि हिमोग्लोबिन या दोहोंत भर घालते. मुलगी दुबळी झालेली नसते. नव्या उंचीचे आणि नव्या वजनाचे शरीर पेलण्यास तिला अवधी लागतो, इतकेच. १०० मीटर धावण्याचा जागतिक विक्रम पुरुषांचा ९.५८ सेकंद, तर स्त्रियांचा १०.४९ सेकंद आहे. हे सुमारे साडेनऊ टक्क्यांचे अंतर मुख्यत्वे याच वयात पडू लागते. तेव्हा मुलीची तुलना वर्गातल्या मुलाशी करण्यात अर्थ नाही.

थांबलेली प्रगती पुढे पुन्हा सुरू होते, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुका दुष्काळासाठी प्रसिद्ध. तेथील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळवला. त्या वेळी त्यांचे वय २७ होते. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक जिंकले, ते पंचविशीत. तेराव्या वर्षाच्या घड्याळावरून मुलीचे भवितव्य ठरवणाऱ्यांनी ही दोन वये ध्यानात ठेवावीत.

संप्रेरकांपेक्षाही आम्हाला अधिक चिंता वाटते ती रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत. पाळीतून दरमहा लोह जाते, वाढत्या शरीराला ते अधिक लागते, आणि ट्रॉम्बे-मानखुर्दच्या आपल्या घरांत मुलीचे ताट बहुधा शेवटी वाढले जाते. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. अशी मुलगी दुसऱ्याच फेरीत धापा टाकते आणि तिला आळशी म्हटले जाते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, सोबत लिंबू वा आवळा असावा. चहा मात्र तासभर टाळावा.

पाळीच्या दिवसांत खेळू नये, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. दुखत असेल तर विश्रांती, नसेल तर मैदान, निर्णय मुलीचा. ‘विटाळ’ या शब्दाचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही, आणि तोच शब्द आपल्या घरात आपल्याच लेकीसाठी उच्चारला जावा, हे आम्हाला असह्य वाटते.

या वयात गुडघाही जपावा लागतो. उडीनंतर खाली येताना तो आत वळला तर अस्थिबंध फाटण्याचा धोका असतो, आणि ही दुखापत मुलींत मुलग्यांपेक्षा अधिक आढळते. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून अलगद उतरण्याचा सराव त्यावर उपयोगी पडतो. त्यासाठी कोणतेही साहित्य लागत नाही.

एक सूचना पालकांसाठी. कसून सराव करणाऱ्या मुलीची नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, तर ते खेळामुळेच असेल असे समजून स्वस्थ बसू नये. शरीराला श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडत असल्याची ती खूण असू शकते. त्यात इस्ट्रोजेन घटते आणि हाडे भरण्याच्या वयातच ठिसूळ होऊ लागतात. अशा वेळी तिला डॉक्टरांकडे न्यावे आणि वसतिगृहाच्या अधीक्षिकेलाही कळवावे, म्हणजे तिच्या आहारात वेळीच वाढ करता येईल.