रिसर्च फेलोशिप म्हणजे शस्त्रक्रियेचा सराव नव्हे

अवयव प्रत्यारोपणातली फेलोशिप म्हटली की डॉक्टर शस्त्रक्रियेवर हात बसवायला गेले, असाच समज होतो. तो निराधार नाही. क्लिनिकल फेलोशिपमध्ये मुख्यतः तेच चालते. रिसर्च फेलोशिपचे काम वेगळे. तिथे डॉक्टर रुग्णसेवा बरीचशी बाजूला ठेवून एखाद्याच प्रश्नाच्या मागे लागतात: परके मूत्रपिंड शरीर का नाकारते, काढलेले यकृत अधिक वेळ कसे टिकेल. शेतकरी शेतात उत्तम पीक घेतो आणि कृषी विद्यापीठात कुणी रोगाला दाद न देणारे वाण शोधत असतो, तसा हा फरक आहे.

रॉय काल्न यांचेच पाहा. हे तरुण इंग्लिश सर्जन १९६० मध्ये हार्कनेस फेलोशिपवर बॉस्टनला जोसेफ मरे यांच्याकडे गेले. मरे यांनी १९५४ मध्येच एकसारख्या जुळ्या भावांत मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी केले होते. म्हणजे रक्तवाहिन्या जोडण्याचे कसब हाताशी होते. घोडे अडत होते ते अवयव-नकारापाशी (परक्या अवयवावर शरीराच्या प्रतिकारशक्तीचा हल्ला). काल्न यांनी कुत्र्यांमध्ये मूत्रपिंडे बसवून औषधे तपासली. त्यांतले अ‍ॅझाथायोप्रिन पुढे माणसांत वापरले गेले आणि जुळे नसलेल्या दात्याचे मूत्रपिंडही टिकू लागले. केवढी मोठी गोष्ट!

तेव्हा डॉक्टरांच्या नावापुढे प्रत्यारोपणातली फेलोशिप दिसली, तर ती कोणत्या प्रकारची होती हे मोकळेपणाने विचारावे. रिसर्च असेल, तर शस्त्रक्रियेचा अनुभव त्यावरून कळत नाही. तो वेगळा विचारावा लागतो.