संगणक झोपत नाही, उठतही नाही!

प्रवेशअर्जाची शेवटची तारीख तोंडावर येते आणि नेमका त्याच दिवशी घरातला संगणक रुसतो. बटण दाबले की पंखा घरघरतो, पण पडदा काळाच राहतो. काही घरांत तक्रार उलटी असते. रात्री ‘स्लीप’ करून ठेवलेला संगणक पहाटे तीनला आपोआप जागा होतो आणि खोलीभर उजेड पाडतो. दोन्ही तक्रारींवर सल्ला मात्र एकच मिळतो : फॉरमॅट मारून टाका.

फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने भरणे. त्यात मुलीची कागदपत्रे, लग्नाचे फोटो, आईचे जुने तपासणी अहवाल असे सगळेच जाऊ शकते. शिवाय बिघाड मेमरीच्या पट्टीत किंवा छोट्या सेलमध्ये असेल, तर फॉरमॅटनंतरही तो जागच्या जागी राहतो. ताप आलेल्या प्रत्येकाला एकच औषध देता येत नाही. ताप कधीपासून आहे, थंडी वाजते का, हे आधी विचारावे लागते. संगणकालाही असेच विचारायचे असते : तू नेमका कुठे थांबतोस?

उठण्याचे चार टप्पे

बटण दाबल्यावर संगणक चार पायऱ्या चढतो. पहिली विजेची. कॅबिनेटमधला एसएमपीएस नावाचा डबा घरातल्या २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज तयार करतो. दुसरी पायरी स्वतःच्या तपासणीची. मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम मेमरी आणि पडद्याची व्यवस्था जागेवर आहे का, ते पाहतो. तिसऱ्या पायरीवर तो विंडोज असलेली डिस्क शोधतो आणि चौथीवर विंडोज स्वतः उभे राहते.

दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर दोष पहिल्या पायरीवर आहे. भिंतीवरचा सॉकेट, वायर, यूपीएस आणि कॅबिनेटच्या मागचे छोटे बटण एकेक करून तपासा. हे सगळे ठीक असेल तर संशय एसएमपीएसवर जातो. तो डबा घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो किंवा ‘बीप बीप’ आवाज येतो, तर दुसरी पायरी तपासा. आधी मॉनिटरची वायर घट्ट आहे का पाहा. मग प्लग काढून, चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरा. हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. त्यानंतर मेमरीची पट्टी काढा, कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. आपल्याकडच्या धुळीत या पट्टीचा संपर्क ढिला पडणे नवलाचे नाही.

डिस्क सापडत नाही असा संदेश दिसला, तर आधी मागे-पुढे एखादा पेनड्राइव्ह अडकून राहिलाय का, ते बघा. संगणक त्यातच विंडोज शोधत बसतो. डिस्कमधून ‘टक्‌ टक्‌’ आवाज येत असेल, तर मात्र संगणक पुन:पुन्हा चालू करणे थांबवा. अशा डिस्कला प्रत्येक वेळची सुरुवात महाग पडू शकते. ती जाणकाराकडे नेऊन आधी आतली माहिती काढून घ्या. दुरुस्ती त्यानंतर.

विंडोजचे चिन्ह येऊन वर्तुळ फिरतच राहिले, तर दोष चौथ्या पायरीवर आहे. १९ जुलै २०२४ रोजी जगभर हेच घडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मुंबईसह देशातल्या अनेक विमानतळांवर खोळंबा झाला आणि काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय होता ‘सेफ मोड’मध्ये संगणक सुरू करून ती एक फाइल काढण्याचा. फॉरमॅटची गरज नव्हती. घरीही विंडोजची सुरुवात दोन-तीनदा अर्ध्यावर अडली की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथून ‘सेफ मोड’ निवडता येतो किंवा शेवटचे अपडेट काढून टाकता येते.

झोप का मोडते?

संगणकाची झोप दोन प्रकारची असते. ‘स्लीप’मध्ये चालू काम मेमरीत राहते आणि मेमरीला थोडी वीज मिळत राहावी लागते. ‘हायबरनेट’मध्ये तेच काम डिस्कवर उतरवून संगणक पूर्ण बंद होतो. ज्या गावात वीज केव्हाही जाते, तिथे डेस्कटॉपला ‘स्लीप’मध्ये ठेवले आणि यूपीएस नसला, तर न साठवलेले काम गेलेच म्हणून समजा. अशा ठिकाणी ‘हायबरनेट’ बरे.

रात्री आपोआप जागा होणाऱ्या संगणकाला कुणीतरी हाक मारलेली असते. टेबलावरचा हललेला माउस, नेटवर्कचे कार्ड किंवा ठरावीक वेळेला होणारे अपडेट ही नेहमीची कारणे. ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि ‘लास्टवेक’ असे इंग्रजीत टाइप केले की शेवटी कुणी जागे केले, ते बहुतेक वेळा कळते. ‘लास्टवेक’च्या जागी ‘रिक्वेस्ट्स’ लिहिले, तर झोपू कोण देत नाही, ते कळते. मात्र त्यासाठी ‘कमांड प्रॉम्प्ट’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. दोषी सापडला की ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये जाऊन त्याची उठवण्याची परवानगी काढून घ्या.

आणखी एक गंमत. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. आदल्या दिवशीचा गोंधळही त्याच्याबरोबर येऊ शकतो. म्हणून बंद-चालू करून न सुटलेला प्रश्न ‘रीस्टार्ट’ने सुटतो, कारण त्यात सुरुवात खरोखर नव्याने होते. वारंवार त्रास होत असेल, तर पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करून पाहा.

एक पथ्य सगळीकडे पाळा. एका वेळी एकच बदल करा, परिणाम पाहा आणि कागदावर लिहून ठेवा. एकदम पाच गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि दुखणे उलटले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

रुपयाएवढा सेल

आता एका छोट्या सेलविषयी. संगणक सुरू होतो, पण तारीख अनेक वर्षे मागची दाखवतो. सरकारी संकेतस्थळ उघडायला जावे, तर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा येतो, कारण संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या तारखेशी ताडून पाहिली जाते. कधी कधी डिस्कचा क्रमही विसरला जातो. या सगळ्यामागे मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल असू शकतो. त्याचे नाव सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. प्लग चालू असतो तेव्हा घड्याळाला विजेच्या जोडणीतून वीज मिळते. प्लग काढला की सगळा भार या सेलवर येतो. धाराशिव जिल्ह्यात वळवाच्या दिवसांत विजांच्या भीतीने रात्री बोर्डाचे बटण बंद करण्याची सवय घरोघरी आहे. सवय चांगलीच आहे, फक्त तिच्यामुळे सेल थोडा लवकर उतरतो. नवा सेल स्वस्त मिळतो आणि बदलायला पाच मिनिटे पुरतात.

पण काढलेला सेल टेबलावर ठेवून विसरू नका. घरात चिमुकले असेल, तर ही वस्तू संगणकाच्या कुठल्याही बिघाडापेक्षा गंभीर आहे. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. ओल्या अस्तरातून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही अन्ननलिका खोलवर भाजू शकते. संगणकाला न पुरणारा ‘मेलेला’ सेलही एवढे करायला पुरतो. एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखा दिसतो. त्याच्या कडेला दिसणाऱ्या दुहेरी वर्तुळावरून तो ओळखता येतो.

मूल अचानक लाळ गाळू लागले, खाणे नाकारू लागले, खोकू लागले किंवा छाती दुखते म्हणाले आणि घरातला सेल सापडत नसेल, तर वाट पाहू नका. काही मुलांमध्ये सुरुवातीला लक्षणेच नसतात, त्यामुळे नुसती शंका आली तरी निघायचे. उलटी करवू नका, जेवण देऊ नका. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने भाजण्याचा वेग कमी होतो, सेल निघत नाही. मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नका. लहान मुलांच्या अन्ननलिकेतून दुर्बिणीने सेल काढण्याची सोय प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते. परांडा, भूम किंवा उमरग्याहून मोठे रुग्णालय गाठण्यातच मोलाचा वेळ जातो. १०८ ला फोन करताना आणि पोहोचल्यावर ‘सेल गिळल्याची शंका आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

म्हणून संगणकाचा सेल बदललात, की जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, तो झाकणाच्या डबीत घालून उंचावर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. कॅबिनेट बंद करण्याआधी एवढे काम पुरे करा. तारीख-वेळ त्यानंतर लावली तरी चालेल.