रिद्धपूर

वऱ्हाडच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. त्या रांगांच्या दक्षिणेस, अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर नावाचे एक गाव आहे. भोवताली काळी, कसदार जमीन. पावसाळ्यात ती पायांना चिकटते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. कापूस, तूर, ज्वारी ही येथील पिके. संत्र्याच्या बागांसाठीही मोर्शी तालुका प्रसिद्ध आहे. गाव लहान आहे. तरीही मराठी भाषेचा इतिहास सांगताना या गावाला वगळता येत नाही.

रिद्धपूर फार प्राचीन आहे. येथे वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट सापडला. ही राणी सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. पाचव्या शतकातील हा ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले दानपत्र होय. त्याची भाषा संस्कृत आहे. राजाज्ञा आणि शास्त्रे संस्कृतात लिहावीत, असा त्या काळचा रिवाज होता. सामान्य लोकांच्या बोलण्याला तेथे स्थान नव्हते.

पुढे आठशे वर्षांनी, तेराव्या शतकात, याच गावात गोविंदप्रभू नावाचे एक अवलिया सत्पुरुष राहत होते. लोक त्यांना गुंडम राऊळ असेही म्हणत. ते मुलांत मूल होऊन खेळत. वाटेल त्या घरात शिरून तेथील अन्न खात. ज्यांना समाजाने दूर लोटले होते, त्यांच्या वस्तीतही ते निःसंकोच जात. कोणी त्यांना वेडे म्हणत, कोणी देव मानीत.

गुजरातेतील एक तरुण रिद्धपुरास आला. हेच महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी. त्यांची जन्मभाषा मराठी नव्हती; परंतु गोदावरीच्या काठाने गावोगाव हिंडताना त्यांनी उपदेश केला तो मराठीतूनच. स्त्री आणि पुरुष, उच्च आणि नीच हा भेद त्यांनी मानला नाही. त्यांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य व इतर शिष्य रिद्धपुरास येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले.

त्या शिष्यांत म्हाइंभट नावाचे एक विद्वान होते. स्वामींच्या आठवणी प्रत्येकाच्या मनात ताज्या होत्या. पण माणसाबरोबर त्याची आठवणही जाते, हे म्हाइंभटांनी ओळखले. स्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले व ऐकले, अशा लोकांचा त्यांनी शोध घेतला. कोण, कोठे, केव्हा, काय बोलले, हे त्यांनी विचारले आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. या परिश्रमांतून 'लीळाचरित्र' तयार झाले. रिद्धपुरातील वाजेश्वरीच्या स्थानी बसून म्हाइंभटांनी ते लिहिले, अशी परंपरा आहे. हा काळ इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानतात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीचा. मराठीतील हा आद्य चरित्रग्रंथ गद्यात आहे. त्या काळी लोक काय खात, कसे बोलत, कसे भांडत, हे त्यात जसेच्या तसे आढळते.

केशवराज सूरी, म्हणजे केसोबास, हे नागदेवाचार्यांचे आणखी एक शिष्य. ते संस्कृताचे मोठे पंडित होते. आपले ग्रंथ संस्कृतात रचावेत, अशी त्यांची इच्छा होती. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. ग्रंथ संस्कृतात गेले, तर पंथातील म्हाताऱ्या बाया त्यांना मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. विद्वानांची वाहवा मिळविण्यापेक्षा एका वृद्धेला कळणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

त्याच मंडळीत महदंबा होती. गोविंदप्रभूंच्या विवाहाचा एक लटका सोहळा शिष्यांनी मांडला, तेव्हा तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे 'धवळे' रचून गायिले. रुक्मिणी ही विदर्भाचीच राजकन्या. या रचनेमुळे महदंबा मराठीची आद्य कवयित्री ठरली.

पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. आता सारे संपले, असे कोणासही वाटले असते. परंतु अनेकांना तो ग्रंथ मुखोद्गत होता. त्यांनी आठवून आठवून तो पुन्हा लिहिला. त्यात हिराइसा या बाईच्या स्मरणातील पाठ मोलाचा मानतात. ज्या स्त्रियांसाठी ग्रंथ मराठीत ठेवले, त्यांच्यापैकीच एकीने तो जतन केला!

महानुभावांनी पुढे आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिल्या. त्यांतील 'सकळ' लिपी विशेष प्रसिद्ध आहे. त्यामुळे हे वाङ्मय कित्येक शतके इतरांना वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला. १९३६ पासून ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापून प्रसिद्ध केले. १९७८ साली वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती निघाली.

आजही रिद्धपुरात राजमठ व गोविंदप्रभूंची इतर स्थाने आहेत. अशा स्थानांवर ओटे बांधलेले असतात. दूरदूरचे भाविक तेथे मस्तक ठेवतात. महाराष्ट्र शासनाने या गावी मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले, ते २०२४ साली सुरू झाले.

राणीचा लेख तांब्यावर कोरलेला होता, म्हणून तो टिकला. म्हाइंभटांची पोथी नाहीशी झाली, तरी तिच्यातील शब्द टिकले. कारण ते लोकांच्या बोलीत होते आणि लोकांनी ते जिवापाड सांभाळले. आपल्याही गावातील वृद्धांपाशी विहिरींच्या, दुष्काळांच्या, जत्रांच्या, शाळेच्या पहिल्या दिवसांच्या अशाच कितीतरी आठवणी आहेत. म्हाइंभटांप्रमाणे कोणी तरी त्यांच्याजवळ बसून त्या विचारल्या पाहिजेत आणि नीट लिहून ठेवल्या पाहिजेत.