शनिवारी संध्याकाळीच रविवार कसा दिसतो?

फोनवरून प्रार्थना करणं म्हणजे परंपरेची थट्टा, असं मत अँग्लिकन मंडळीतल्या जुन्या लोकांकडून हमखास ऐकायला मिळतं. जाड बांधणीचं प्रार्थनापुस्तक, त्यात खुणेसाठी घातलेल्या फिती, पुढची-मागची पानं चाळणं, हे सगळं भक्तीचाच भाग आहे अशी त्यांची समजूत. गंमत अशी की हे पुस्तक ज्याने रचलं, त्यालाच पानं चाळण्याचा मनस्वी कंटाळा होता. थॉमस क्रॅन्मरच्या देखरेखीखाली १५४९ मध्ये 'बुक ऑफ कॉमन प्रेयर' निघालं. जुन्या लॅटिन उपासनेत नियमांची इतकी गुंतागुंत झाली होती, की आज काय वाचायचं ते शोधण्यातच वाचण्यापेक्षा जास्त खटपट होई, अशी तक्रार त्याच्या प्रस्तावनेत आहे. मग मठांतल्या आठ प्रार्थनावेळांच्या जागी सकाळची एक आणि संध्याकाळची एक, अशा दोनच उरल्या. ॲप उरलेली पानंही शोधून देतं, एवढंच.

आता ॲपच्या नावाने होणाऱ्या तक्रारी. यातल्या बऱ्याचशा मुळात याच पुस्तकाच्या १६६२ च्या आवृत्तीची देणगी आहेत.

नव्याने ॲप घेतलेला माणूस महिन्याच्या पंधरा तारखेला संध्याकाळी ते उघडतो आणि दचकतो. समोर ७८ वं स्तोत्र, तेही अख्खं, त्र्याहत्तर ओव्यांचं. काहीतरी बिघडलंय असं वाटून तो ॲप बंद करून पुन्हा सुरू करतो. बिघडलेलं काहीच नसतं. क्रॅन्मरच्या योजनेत दीडशे स्तोत्रं महिन्याभरात, तीस सकाळी आणि तीस संध्याकाळी, ओळीने संपवायची असतात, आणि पंधराव्या संध्याकाळच्या वाट्याला हे एकटंच लांबलचक स्तोत्र येतं. ११९ वं स्तोत्र तर १७६ ओव्यांचं. ते चोवीस तारखेच्या संध्याकाळी सुरू होऊन सव्वीसच्या संध्याकाळी आटोपतं. एकतीस तारखेला कालचीच स्तोत्रं पुन्हा दिसतात, तेही नियमाप्रमाणेच. फेब्रुवारीत शेवटची काही वाचायची राहूनच जातात, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही.

दुसरी तक्रार शनिवारची. संध्याकाळची प्रार्थना उघडली की दिवसाची विशेष प्रार्थना रविवारची दिसते. लोक फोनचं घड्याळ तपासतात, परदेशातली वेळ लागलीय का ते बघतात. पुस्तकातली सूचनाच अशी आहे, की रविवारची विशेष प्रार्थना आदल्या संध्याकाळपासून म्हणायची. शनिवारी संध्याकाळी रविवारची प्रार्थना दाखवणारं ॲप म्हणजे ज्याच्या कर्त्याने बारीक अक्षरातल्या सूचनाही वाचल्या आहेत असं ॲप. मी तर नवं ॲप पारखायला शनिवारची संध्याकाळच निवडेन.

तिसरी तक्रार बायबल चांगलं वाचलेल्यांची: स्तोत्रांचे शब्द किंग जेम्स भाषांतराशी जुळत नाहीत, म्हणजे ॲपवाल्यांनी मजकूर बदलला. बदल कुणीच केलेला नाही. १६६२ मध्ये पत्रं आणि शुभवर्तमानं किंग जेम्समधून घेतली गेली, पण स्तोत्रं माइल्स कव्हरडेलचीच राहिली, १५३९ च्या ग्रेट बायबलमधली. शतकभराहून अधिक काळ ती गाऊन गाऊन लोकांच्या ओठांवर बसली होती.

'पारंपरिक' या पाटीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. चर्च ऑफ इंग्लंडच्या 'डेली प्रेयर' ॲपमध्ये आधुनिक आणि पारंपरिक अशी दोन्ही रूपं आहेत. अमेरिकेतल्या ॲपमध्ये १९२८ चं, १९७९ चं किंवा २०१९ चं पुस्तक असू शकतं. त्यामुळे दोन मैत्रिणींना एकाच दिवशी जुन्या करारातले वेगवेगळे अध्याय दिसले, तर दोघींपैकी कुणीही चुकलेलं नसतं. सगळ्यात जास्त घोटाळा रात्रीच्या प्रार्थनेचा. जुन्या वळणाची भाषा पाहून ती १६६२ ची असणार असं लोक धरून चालतात. त्या पुस्तकात रात्रीची प्रार्थना नाहीच. इंग्लंडमध्ये रुळलेलं तिचं जुन्या भाषेतलं रूप १९२८ च्या प्रस्तावित पुस्तकातून आलं, जे ब्रिटिश कॉमन्स सभागृहाने १९२७ आणि १९२८ असं लागोपाठ दोनदा फेटाळलं होतं. संसदेने नाकारलेली प्रार्थना आज परंपरा म्हणून मिरवते आहे!

नित्यप्रार्थना ही पाळकांची आणि मठवासीयांची गोष्ट, आपल्यासारख्यांची नव्हे, हाही एक पक्का गैरसमज. सक्ती पाळकांवर आहे हे खरं. पण ते ज्या गावात असतील, तिथे त्यांनी आधी घंटा वाजवावी, म्हणजे लोकांना ऐकायला येता येईल, असंही पुस्तक सांगतं. आपल्याकडे हा समज पसरायला पुण्याचं पंचहौद मिशनही कारण असावं, असा माझा अंदाज. १८९० मध्ये ज्या मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला, तेच हे. तिथे काउली फादर्स आणि वाँटेजच्या सिस्टर्स होत्या, म्हणजे व्रतस्थ मंडळी. पंडिता रमाबाईंचा १८८३ चा बाप्तिस्मा याच सिस्टर्सच्या इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. प्रार्थनेच्या वेळा पाळणारी माणसं म्हणून लोकांना आधी दिसले ते असे झगेवाले, आणि घरी बसून प्रार्थना म्हणणारा कारकून कुणाच्या डोळ्यांपुढे आलाच नाही.

घरी एकट्याने म्हणताना एक गोष्ट मात्र सांभाळावी. पापांगीकारानंतर ॲपवर क्षमेची घोषणा येते. ती फक्त दीक्षित पाळकाने उच्चारायची असते. बाकीच्यांनी तिच्याऐवजी त्रैक्य रविवारानंतरच्या एकविसाव्या रविवारची विशेष प्रार्थना म्हणायची रीत आहे, कारण तिच्यात क्षमेची घोषणा नसून याचना आहे. काही ॲप हा पर्याय देतात, काही देत नाहीत. नसेल तर ती प्रार्थना एकदा वहीत उतरवून ठेवावी.

राहता राहिला इंग्लंडचा राजा. १६६२ च्या मजकुरात त्याच्यासाठी आणि राजघराण्यासाठी प्रार्थना आहेत, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ वारल्यावर त्यांतली नावं बदलली. मुंबई-नाशिककडे ॲप वापरणाऱ्याला वाटतं, हे वगळलं तर उपासना अपुरी राहील. इथल्या अँग्लिकन मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात इतर पाच मंडळ्यांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या, आणि लंडनच्या सिंहासनाशी या चर्चचा काही संबंध नाही. तेव्हा राजाच्या जागी राष्ट्रपती आणि सरकार यांच्यासाठी आपल्या शब्दांत प्रार्थना करावी आणि पुढे सरकावं.