बेस गिटारीची भुणभुण आणि जमिनीची तार

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीची पाच मिनिटे श्रोत्यांनी आठवून पाहावीत. पडदा अजून वर गेलेला नाही, ढोलकीवाला ढोलकी चढवीत आहे, निवेदक मायक्रोफोनवर फुंकर मारून पाहत आहे. आणि या साऱ्यांच्या खालून ‘घूं’ असा एक सपाट, न थांबणारा आवाज येत आहे. तो पुष्कळदा बेस गिटारीचा असतो. वादक तारांवर तळहात ठेवतो आणि आवाज बसतो. हात उचलतो आणि तो पुन्हा उठतो. ही काय भानगड आहे, आणि तिच्याशी वादकाच्या जिवाचा संबंध कसा येतो, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने 1951 साली ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले आणि खर्जाची ही विजेची गिटार सर्वत्र पसरली. हिचे लाकूड भरीव असते. सतारीच्या भोपळ्याचे काम येथे वीज करते. तारांखाली पिकअप म्हणून एक डबी असते. तीत लोहचुंबक असतात व त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अत्यल्प वीज उत्पन्न होते. तीच ॲम्प्लिफायर मोठी करतो.

आता अडचण अशी की, या वेढ्यांना पोलादी तार आणि शेजारचा ट्रान्सफॉर्मर यांतला भेद कळत नाही. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तने करते; ती वाहते तेथे तेथे तिचे क्षेत्र त्याच लयीत हलते, आणि पिकअप तेही इमानेइतबारे उचलतो. बेसची सर्वांत खर्जातली तार सुमारे 41 आवर्तनांची, तिच्यावरची 55 ची. म्हणजे विजेचा सूर बरोबर या दोहोंच्या मध्ये बसतो. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर 49 चा आहे. हम चालू असताना तो सूर लांबवून पाहावा. सेकंदाला सुमारे एक असा हेलकावा ऐकू येतो. साध्या गिटारीच्या लहान ॲम्प्लिफायरमध्ये हा खोल आवाज फारसा उमटत नाही. बेसचा ॲम्प्लिफायर मात्र अशाच सुरांसाठी बांधलेला असतो, म्हणून बेसवाल्याचे दुःख अधिक.

दोष शोधताना आमचा पहिला सल्ला असा की, गिटार उघडण्याची घाई करू नये. आधी ॲम्प्लिफायरमधून वायर काढावी. तरीही घूं येत असेल तर रोग ॲम्प्लिफायरचा आहे. जुन्या यंत्रांत वीज गाळणारे कपॅसिटर थकलेले असतात व मग 100 आवर्तनांची भुणभुण येते. ते काम कारागिराचे. बटण बंद केल्यावरही त्या कपॅसिटरांत झटका देण्याइतकी वीज उरते. वायर जोडून गिटारीवरची व्हॉल्यूमची कळ शून्यावर आणली आणि तरी आवाज राहिला, तर वायर किंवा तिचा जॅक तपासावा. शून्यावर थांबला तर तो पिकअपच्या वाटेने येत आहे.

मग गिटार हातात घेऊन सावकाश एक प्रदक्षिणा घालावी. तोंड फिरवताच आवाज कमी-अधिक होत असेल तर तो चुंबकीय हम होय. त्याला कोणतीही अर्थिंग बरे करीत नाही; ट्रान्सफॉर्मरपासून दूर बसावे, किंवा उलट वेढ्यांचे दोन पिकअप एकत्र वापरावेत. एकात बाहेरचा हम सुलट येतो, दुसऱ्यात उलट, आणि दोघे एकमेकांस पुसून टाकतात. चुंबकही उलटे ठेवल्यामुळे तारेचा आवाज मात्र जुळतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने 1955 मध्ये अशा पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. प्रिसिजन बेसचा पिकअपही 1957 मध्ये याच तत्त्वावर दोन तुकड्यांचा झाला. ‘जॅझ बेस’मध्ये दोन्ही कळा पूर्ण उघडल्यास शांतता असते व एक उतरवली की हम परततो. पुष्कळ वादक याला बिघाड समजून दुरुस्तीला धावतात. तो बिघाड नव्हे.

हाताने बसणारा आवाज निराळा. भोवतालच्या वायरी, ट्यूबलाइट व पंख्याचे रेग्युलेटर यांच्या विद्युत्‌क्षेत्रात वादकाचे शरीर एरियलसारखे उभे असते आणि ते क्षेत्र पिकअपपर्यंत पोचवते. तारा ज्या घोडीवर बसतात तिच्याखालून एक बारीक वायर जॅकच्या बाहेरच्या कड्याकडे, तेथून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याकडे आणि तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीकडे जाते. तारेला हात लागला की शरीर या वाटेला जोडले जाते व एरियल संपते. म्हणजे वायर शाबूत आहे. उणीव आहे ती आतील पोकळीला तांब्याच्या पत्र्याचे अस्तर लावण्याची. हात लावूनही काहीच फरक पडत नसेल तर घोडीखालची वायर सुटली असावी. हात लावल्यावर आवाज उलट वाढला तर जॅकवरील दोन टोकांची अदलाबदल झालेली असते. ॲम्प्लिफायरपासून वायर काढून घोडी व जॅकचे कडे यांमध्ये मीटर लावावा. जवळजवळ शून्य ओहम यावयास हवा.

आणि येथेच जिवाचा प्रश्न येतो. वादकाचा हात ज्या तारांवर आहे त्या थेट ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या आहेत, आणि तो पत्रा तिसऱ्या पिनेच्या भरवशावर जमिनीला. ती पिन काम करीत नसेल आणि आत कोठे उघडी वायर पत्र्याला टेकली, तर तारांत 230 व्होल्ट येतात. वादकाला ते कळतही नाही; जमिनीला नीट जोडलेल्या मायक्रोफोनला ओठ लागेपर्यंत. उलट बाजूनेही तेच. 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे ऐन कार्यक्रमात मायक्रोफोनला हात लागून गेला. त्या मायक्रोफोनला अर्थिंग नव्हते.

आपल्या मांडवांत काय चालते हे सांगावयास नको. प्लग नसला की वायरची दोन उघडी टोके सॉकेटमध्ये घालून आगकाडीने खोचून टाकतात. तिसरी वायर तशीच लोंबत राहते. याहून वाईट म्हणजे हम घालविण्यासाठी अर्थची पिन मुद्दाम तोडतात. दुर्दैवाने कधी कधी तिने हम खरोखरच जातो! कारण बेसचा ॲम्प्लिफायर एका सॉकेटवर, मिक्सर दूरच्या दुसऱ्यावर, आणि दोघांना जोडणारी सिग्नलची वायर. अशाने जमिनीच्या वाटेचे एक वर्तुळ तयार होते व त्यात वीज फिरत राहते. पिन तोडली की वर्तुळ तुटते, पण वादकाचे संरक्षणही तुटते. योग्य उपाय हा की दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत, किंवा मध्ये ट्रान्सफॉर्मरची डीआय पेटी ठेवावी. तिच्यावरील ‘ग्राउंड लिफ्ट’चा खटका सिग्नलच्या वायरचे फक्त आवरण तोडतो, विजेची अर्थ तशीच राहते. बोर्डाच्या मुळाशी 30 मिलिअँपिअर गळतीला तुटणारा खटका असावा, आणि अर्थचा खड्डा, मीठ-कोळसा घालून का होईना, ओला ठेवलेला असावा.

मांडवात पोचल्यावर वादकाने सूर जुळवण्यापूर्वी एक मीटर काढावा, तो एसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक गिटारीच्या तारेला आणि दुसरे मायक्रोफोनच्या जाळीला लावावे. काटा शून्याजवळ राहिला तर बरे. तो हलला तर मायक्रोफोनपाशी जाऊ नये. मेन बंद करवून वायरमनला बोलवावे, मग निवेदकाने नाव दोनदा पुकारले असले तरी चालेल.