परम संगणक आणि विजय भटकर : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

विजय पांडुरंग भटकर यांचे नाव ‘परम’ या महासंगणकाशी इतके घट्ट जोडले गेले आहे की दोघांविषयीच्या ऐकीव गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. भटकरांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ चा, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा. नागपुरातून १९६५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि दिल्लीच्या आयआयटीतून १९७२ मध्ये पीएच.डी. असे त्यांचे शिक्षण.

त्यावरून ते बडोद्यात संगणकशास्त्र शिकले असे अनेकदा गृहीत धरले जाते. पण त्या काळी भारतीय विद्यापीठांत संगणकशास्त्राची स्वतंत्र पदवी जवळपास नव्हतीच. कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला तोच १९६३ मध्ये. अभियांत्रिकीचे शिक्षण मात्र बडोद्याला जुने. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये सुरू केलेले कलाभवन पुढे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात सामावले गेले. दूरसंचार क्षेत्रातले सॅम पित्रोदाही याच विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकले. दोघांच्या संस्थांची नावेही सारखी असल्याने एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर सर्रास जमा होते. पित्रोदांशी जोडलेली सी-डॉट १९८४ ची आणि तिचे मुख्य काम टेलिफोन एक्स्चेंजचे. भटकरांची सी-डॅक १९८८ ची, पुण्यातली, महासंगणकासाठी स्थापन झालेली.

परम हा भारताचा पहिला संगणक, असेही छापून येते. ही चूक थोडीथोडकी नाही, तब्बल तीन दशकांची आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटनहून आणलेला एचईसी-२एम १९५५ मध्ये बसवला गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने स्वतः घडवलेला टिफ्रॅक १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागला. अनेक प्रोसेसर एकत्र जुंपून गणित करण्यातही परम पहिला नव्हे. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने फ्लोसॉल्व्हर हा समांतर संगणक १९८६ मध्येच उभा केला होता. परमचे वेगळेपण असे की तो एका प्रयोगशाळेच्या एका प्रश्नासाठी नव्हता. इतरांना विकता येईल, वाढवता येईल असे सर्वसाधारण यंत्र म्हणून त्याची आखणी झाली.

अमेरिकेने महासंगणक द्यायला साफ नकार दिला आणि म्हणून परम जन्माला आला, ही सर्वांत लाडकी गोष्ट. ती अर्धी खरी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेला क्रे एक्स-एमपी/२४ मिळाला नाही, कारण अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रांच्या आकडेमोडीसाठी तो वापरला जाईल अशी शंका होती. परंतु त्याच मालिकेतला एक्स-एमपी/१४, म्हणजे दोनऐवजी एकच प्रोसेसर असलेला, हवामान अंदाजाच्या कामासाठी दिल्लीला विकला गेला. वापरावर देखरेखीची अट होती. नकार होता, पण सरसकट नव्हता. राजीव गांधींच्या सरकारने सी-डॅकला तीन वर्षे आणि सुमारे ३० कोटी रुपये दिले, त्यामागे या नकाराचा डंख होताच.

आता मुख्य गैरसमज. ‘संपूर्ण स्वदेशी’ हे विशेषण ऐकून परमची चिपसुद्धा पुण्यात बनली असे वाटते. १९९१ मध्ये तयार झालेल्या परम ८००० मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे टी८०० जातीचे ट्रान्सप्यूटर होते. ते बाजारात मिळत. ट्रान्सप्यूटर म्हणजे गणना करणारा प्रोसेसर आणि शेजाऱ्यांशी बोलण्याच्या चार वाटा एकाच चिपवर. क्रे यंत्रांचा भर थोड्या पण अतिवेगवान आणि महागड्या प्रोसेसरांवर होता. इथे साधे प्रोसेसर पुष्कळ घ्यायचे आणि काम त्यांच्यात वाटायचे, असा विचार. चिप विकत घेण्यात कमीपणा काहीच नव्हता. कठीण भाग पुढे होता. गणिताचे तुकडे कसे पाडायचे, कोणता तुकडा कोणाकडे द्यायचा, एकाचे उत्तर येईपर्यंत दुसरा रिकामा बसू नये म्हणून निरोपांची देवाणघेवाण कशी आखायची, हे सगळे सॉफ्टवेअरचे काम. त्यासाठी सी-डॅकने ‘पारस’ नावाची प्रणाली तयार केली. परमची चर्चा होते तेव्हा पारसचा उल्लेख क्वचितच येतो, हे अन्यायाचेच आहे. यंत्राला महासंगणकपण आले ते तिच्यामुळे.

वेगाच्या आकड्यांतही सावध राहावे लागते. २५६ प्रोसेसरांच्या परमचा कमाल वेग १ गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १०० कोटी दशांश गणिती क्रिया, असा सांगितला जाई; प्रत्यक्ष कामात सलग मिळणारा वेग १०० ते २०० मेगाफ्लॉप. ही दरी समांतर यंत्रांत सर्वत्र आढळते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. ‘परम जगात दुसरा आला’ हे विधान १९९० च्या झ्यूरिकमधील नमुना यंत्राच्या प्रात्यक्षिकाशी जोडून सांगतात. जगातल्या यंत्रांची नियमित क्रमवारी असलेली टॉप ५०० यादी मात्र जून १९९३ मध्ये सुरू झाली. परम मालिकेतला पद्म हा संगणक २००३ मध्ये त्या यादीत १७१ वा होता. त्याच यादीत २००७ मध्ये चौथ्या स्थानी पोहोचलेला ‘एका’ पुण्याचाच खरा, पण तो टाटा समूहाच्या सीआरएल या कंपनीचा, सी-डॅकचा नव्हे.

संगणकावर देवनागरी आणण्याचे श्रेयही पुष्कळदा एकट्या भटकरांना दिले जाते. भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आले आणि नंतर पुण्यात सी-डॅककडे आले. भटकरांच्या संस्थेने त्याचे कार्ड आणि सॉफ्टवेअर करून ते कचेऱ्यांत आणि छापखान्यांत पोहोचवले. त्यामागची युक्ती सुंदर आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, तेव्हा ‘क’ला सर्व लिप्यांत एकच क्रमांक द्यायचा आणि पडद्यावर कोणती लिपी उमटावी ते वेगळे ठरवायचे. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेली इस्की ही संकेतपद्धती याच तत्त्वावर उभी आहे.

युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीने प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली, तरी मांडणी इस्कीचीच ठेवली. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, गुजराती ‘क’चा २७०९, फरक ३८४. ‘ख’, ‘ग’, ‘ळ’ कोणतेही अक्षर घेतले तरी फरक तेवढाच. बडोद्यासारख्या दोन्ही भाषा नांदणाऱ्या शहरात मराठी मजकूर गुजराती लिपीत उतरवायचा तर बहुतेक अक्षरांसाठी ही एक बेरीज पुरते. मराठीचा ‘ऱ’ मात्र अडतो, कारण गुजरातीच्या तक्त्यात त्या क्रमांकावर अक्षरच नाही.